उरलेल्या मसालेभाताचे कुरकुरीत गोळे

नाशिक,
चैत्र शुद्ध तृतीया

चि. सौ. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाडव्याच्या संध्याकाळी तू फोनवर जे विचारलेस त्याचे उत्तर मी धड देऊ शकलो नाही, कारण तेवढ्यात दारात पाहुणे आले आणि तुझ्या आईने माझ्या हातात पन्ह्याचे तांब्याभांडे दिले. तुझा प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. शनिवारी तू बारा माणसांना पाडव्याचे जेवण घालणार आहेस, रविवारी संध्याकाळी तुझ्या कार्यालयातली मंडळी येणार आहेत, आणि शनिवारचे जे उरेल त्यातून या मंडळींना हातात धरून खाता येईल असे काही कुरकुरीत करता येईल का, असे तू विचारलेस. म्हणून काल द्वितीयेला आपल्याकडच्या उरलेल्या मसालेभातावर आणि बटाट्याच्या भाजीवर मी घड्याळ व वही घेऊन हा प्रयोग पूर्ण करून पाहिला. हे पत्र लिहून झाले की तुझा भाऊ त्याचे फोटो काढून तुला पाठवील, म्हणजे ते शनिवारच्या आत तुझ्या हाती पडेल.

नोव्हेंबरात तू सांगितलेली एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली आहे. तिकडे अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचे मोठे जेवण झाले की शुक्रवारी घरोघर टर्कीचे मांस, मसाला घातलेल्या पावाचे सारण आणि कुस्करलेला बटाटा उरतो, आणि तुझ्या मैत्रिणीने ते सगळे चिनी पद्धतीच्या एगरोलच्या पातळ पारीत गुंडाळून तळले व क्रॅनबेरीच्या आंबटगोड चटणीबरोबर वाढले. तुला त्याची गंमत वाटली होती. मला त्यात आपल्या घरचीच रीत दिसली, कारण शिळ्या पोळीचा कुस्करा करणारी आणि उरलेल्या वरणात पीठ मळून थालीपीठ लावणारी तुझी आजी याहून वेगळे काय करत होती? फरक एवढाच, की आजी उरलेले अन्न घरच्यांपुरते मार्गी लावत असे आणि तुझी मैत्रीण ते पाहुण्यांपुढे मांडते. पाहुण्यांपुढे मांडायचे असेल तर उरण्याची वाट पाहून चालत नाही. शनिवारचा स्वयंपाक करतानाच रविवारचा वाटा बाजूला काढायला हवा, आणि माझे पुढचे सारे सांगणे त्याभोवतीच आहे.

मसालेभात शिजून वाफ जिरली, की त्यावर ओले खोबरे आणि कोथिंबीर पेरण्याआधी, वरून तूप सोडण्याआधी, तीन वाट्या भात काढून घे. ओले खोबरे लवकर आंबते, कोथिंबीर दुसऱ्या दिवशी काळी पडते आणि जादा तुपाने गोळा धरत नाही. हा काढलेला भात पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवू नकोस. रसायनशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, तरी घरातल्या भाताबद्दल मी बरीच वर्षे निष्काळजी होतो. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूची बीजे असू शकतात, ती शिजण्यातून वाचतात, आणि कोमट भातात ती वाढून जे विष तयार करतात त्यातले एक पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. सध्या नाशिकला दुपारी अंगाची लाही होते आहे, तुझ्याकडे तेवढे ऊन नसेल, परंतु घरात बारा माणसे आणि चार शेगड्या पेटलेल्या असल्या की स्वयंपाकघर कुठलेही असो, उबदारच असते. तेव्हा भात परातीत बोटभर जाडीचा पसर, वाफ गेली की डब्यात भर आणि फार तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेव. बटाट्याच्या भाजीचेही तसेच कर, फक्त तिच्यात लिंबू पिळण्याआधी दीड वाटी काढ.

फ्रिजमधल्या रात्रीचा दुसरा उपयोग अधिक महत्त्वाचा आहे. शिजताना भातातले पिष्ट पाणी पिऊन फुगते आणि सैल होते, गार झाल्यावर ते पुन्हा एकमेकांत बांधले जाते, म्हणून रात्रभर गार झालेला भात सकाळी हाताला कडक लागतो. फोडणीच्या भाताला आपण शिळाच भात का घेतो याचे कारण हेच. गेल्या वर्षी मला हे कळत असूनही धीर नव्हता. पाडव्याच्या दुपारचा भात संध्याकाळी कोमट असतानाच मी गोळे वळले आणि कढईत सोडले. पहिले दोन तेलात उमलले, तिसऱ्यातून चीज बाहेर येऊन असे उडाले की माझ्या मनगटावर त्याची खूण महिनाभर राहिली, आणि उरलेल्या सारणाची तुझ्या आईने एक शब्द न बोलता तव्यावर थालीपिठे लावली. न बोलण्याचेच मला अधिक लागले.

सिसिलीत लोक भाताचे असे गोळे करतात आणि त्यांना आरांचिनी, म्हणजे छोटी संत्री, म्हणतात. तळल्यावर रंग आणि आकार खरोखरच तसा दिसतो. त्यांचा भात मुळात चिकट जातीचा असतो. आपल्याकडे मी इगतपुरीकडचा इंद्रायणी वापरला, तो आसट होतो आणि हाताला धरतो. तुझ्याकडे बासमतीच असेल तर मसालेभात करताना पाणी थोडे वाढव, आणि बांधणीसाठी बटाट्यावर अधिक भर दे. माझे प्रमाण तीन वाट्या भाताला एक वाटी भाजी असे होते, तू दीड वाटी घे. तोंडली आणि वांग्याच्या फोडी आधी वेचून बारीक चिर, कारण गोळ्यात तोंडल्याची अख्खी फोड आली की गोळा नेमका तिथेच फाटतो. काजू असतील तर तेही मोड. मग हाताला तेल लावून सगळे मळ, पण भाताचे पीठ होऊ देऊ नकोस, दाणा दिसला पाहिजे. गोडा मसाला भातात आहेच, वर गरम मसाला वगैरे काही घालू नकोस. पाहुण्यांना त्या गोळ्यात ओळखीचे चीज आणि अनोळखी गोडा मसाला एकत्र लागावा, यातच त्या पदार्थाची मजा आहे.

लिंबापेक्षा थोडा मोठा गोळा घे, अंगठ्याने खळगा कर, त्यात मोझरेल्लाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा ठेव आणि तोंड नीट मिटव. चीज आधी अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवले तर ते गोळ्याच्या कवचाआधी वितळत नाही. सगळे गोळे वळून झाले की पुन्हा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव. एवढ्या सारणाचे साधारण बावीस गोळे होतात.

आता आवरणाची गोष्ट, आणि इथे तुझ्या आईचा व माझा मतभेद आहे. बेसन मी सुरुवातीलाच नाकारले, कारण बेसनात बुडवले की त्याचा बटाटेवडा होतो, आणि बटाटेवडा उत्तम असला तरी तो आपल्याला करायचा नाही. तीन चमचे मैदा, एक चमचा कॉर्नफ्लोअर, चिमूट मीठ आणि सुमारे अर्धी वाटी पाणी यांचा घोळ कर, तो ताकाएवढा सरसरीत असावा. त्यात गोळा बुडवून कशात घोळवायचा, हा खरा प्रश्न. बाजारातले ब्रेडक्रम्स चालतात, पण घरात पाडव्याच्या आठ-दहा पुऱ्या वातड होऊन पडल्या असताना ते विकत का आणावेत, असे आईचे म्हणणे. मला उडदाचे पापड सुचले, कारण पापडाचा कुरकुरीतपणा दुसऱ्या कशालाच येत नाही.

काल दोन्ही करून पाहिले. कच्चा पापड खलबत्त्यात भरड कुटून गोळा त्यात घोळवला आणि तेलात सोडला, तर मिनिटाभरात आवरण करपट तपकिरी झाले आणि आतले चीज जसेच्या तसे थंड राहिले. कारण मागाहून लक्षात आले. पापडात पापडखार असतो, तो अल्कधर्मी असतो, आणि अल्कधर्मी पीठ फार झपाट्याने लाल होते. शिवाय पापड मुळात काही सेकंदांत तळला जाणारा पदार्थ आहे, त्याला तीन मिनिटे तेलात ठेवणे हाच अन्याय. पुऱ्यांचे मात्र छान जमले. त्या मंद तव्यावर उलटसुलट करत पंधरा मिनिटे कडक केल्या, गार करून मिक्सरमध्ये रव्यासारख्या फिरवल्या, आणि त्याचे आवरण सोनेरी, खुसखुशीत झाले. तरीही त्यात पापडाची ती टचकन मोडणारी धार नव्हती. शेवटी पुऱ्यांच्या वाटीभर चुऱ्यात एकच पापड कुटून मिसळला. त्याने रंग बिघडला नाही आणि मधूनमधून दाताखाली पापडाचा कण येऊ लागला. आई म्हणते की तिचे बरोबर ठरले. मी म्हणतो की पापडाशिवाय ते अपुरे होते. तू करशील तेव्हा तुझे मत कळव, आणि पापड खारट असतो हे ध्यानात ठेवून घोळातले मीठ चिमटीपुरतेच ठेव. दिवाळीच्या फराळाबरोबर पाठवलेल्या पापडांतले काही शिल्लक असतीलच.

तळताना तेल १७५ अंश सेल्सिअसच्या आसपास हवे. तुझ्याकडे थर्मामीटर आहे, माझ्याकडे घोळाचा थेंब आहे: तो टाकताच क्षणभर खाली जाऊन लगेच वर आला की तेल तयार. एका वेळी चार-पाचच गोळे सोड. गोळ्यातले पाणी वाफ होऊन बाहेर पडत असते आणि ती वाफच तेलाला आत शिरू देत नाही. तेल कोमट असेल किंवा कढई गच्च भरली तर वाफेचा जोर कमी पडतो आणि गोळे तेलकट होतात. मात्र तेल सर्वाधिक आत जाते ते गोळा बाहेर काढल्यावर, आतली वाफ निवून पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते तेव्हा. म्हणून झारा कढईच्या काठावर दोन-तीनदा आपटून लगेच निथळव. कागदावर ढीग करू नकोस, जाळीवर सुटे ठेव, कारण कागदावर खालच्या बाजूला वाफ कोंडते आणि तीन मिनिटे राबून मिळवलेला कुरकुरीतपणा दोन मिनिटांत मऊ पडतो.

चटणीला नाशिककराने द्राक्षेच घ्यावीत. इथे हंगाम सरत आला आहे, हातगाडीवर आता सुटलेल्या मण्यांचे ढीग स्वस्तात मिळतात, आणि चटणीला तेच चांगले. दोन वाट्या मणी, दोन हिरव्या मिरच्या, बोटाच्या पेराएवढे किसलेले आले, चमचाभर गूळ आणि थोडे भाजलेले जिरे पातेल्यात घालून आटव, उतरवल्यावर लिंबू पिळ. क्रॅनबेरी स्वतःच्या पेक्टिनने आपोआप दाटते, पिकलेले द्राक्ष तसे दाटत नाही, तेव्हा वीस-पंचवीस मिनिटे आटू दे, घाई करू नकोस. तिखट सोसणाऱ्यांसाठी मिरची वाढव. दुसरी वाटी श्रीखंडाच्या चक्क्याची: साखर घालण्याआधीच वाटीभर चक्का बाजूला काढ आणि त्यात ठेचलेला लसूण, मीठ व चिरलेला पुदिना घाल. उरलेल्या श्रीखंडाच्या मात्र वाटेला जाऊ नकोस. त्याचे तळून काही करता येते असे कोणी सांगितले तरी ऐकू नकोस, ते गार खावे आणि झोपावे.

गोळे रविवारी सकाळीच वळून, घोळवून, ताटात सुटे मांडून फ्रिजमध्ये ठेवलेस तरी चालेल. संध्याकाळी पाहुणे दारात आल्यावरच तळ. आधी तळून ओव्हनमध्ये गरम केलेले मी तुझ्या भावाला खायला दिले होते, त्याने सगळे संपवले, पण तो सगळेच संपवतो, त्यामुळे त्याचे मत मी वहीत लिहिलेले नाही.

आज घरी चैत्रगौर बसली आहे आणि आई कैरीची डाळ वाटते आहे. तिचा निरोप असा आहे की भाताचा डबा फ्रिजमध्ये ठेवलास की झाकणावर चिकटपट्टी लावून 'रविवारसाठी, हात लावू नये' असे मराठीत मोठ्या अक्षरांत लिही, कारण रात्री साडेअकराला जावईबापूंना भूक लागते आणि गेल्या खेपेचा मसालेभात कुठे गेला हे तिला माहीत आहे.

तुझे,
बाबा