जाहिरातीत न दिसणारा खर्च

महोदय,

शहराच्या मध्यभागी नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घ्यावा की उपनगरात घर, या वादात लोक फक्त खरेदीची किंमत ताडून पाहतात. टॉवरचा खर्च मात्र चावी हाती आल्यावरही थांबत नाही. लिफ्ट, पाणी वर चढवणारे पंप, जनरेटर, अग्निशमन यंत्रणा, काचेच्या दर्शनी भागाची सफाई, या साऱ्याचा वाटा दरमहा देखभाल शुल्कात मोजावा लागतो, कर्ज फिटल्यावरसुद्धा. स्वतंत्र घराचं छप्पर गळलं तर डागडुजी पुढच्या वर्षावर ढकलता येते (ढकलू नये, पण आपण ढकलतोच). तिसाव्या मजल्यापर्यंतची लिफ्ट बंद ठेवून कसं चालेल? शिवाय बांधकाम जुनं होतं तशी त्याची किंमत उतरते, वाढते ती प्रामुख्याने जमिनीची. आणि टॉवरखालची जमीन शेकडो कुटुंबांत वाटली गेलेली असते.

अर्थात उपनगरवाल्यांनी हुरळून जायचं कारण नाही. रोज जाऊन-येऊन २ तास प्रवासात गेले, तर कामाच्या २५० दिवसांत ५०० तास होतात. दोघंही नोकरीला असतील तर अनेकदा दोन गाड्या, दोन विमे. गृहकर्जाच्या हप्त्याच्या गणितात यातलं काही दिसत नाही.

जाहिरातीत पोहण्याचा तलाव ठळक असतो. अंदाजित मासिक देखभाल शुल्कही किमतीशेजारी तेवढ्याच ठळक अक्षरांत छापणं बंधनकारक का करू नये?

– एक वाचक