बसऱ्याला गेलेल्या पणजोबांचा माग

विटा,
१९ जानेवारी २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र पोचले. आटपाडीच्या तुमच्या घराण्याची वंशावळ लावायला तू घेतली आहेस आणि सुरुवात कुठून करावी असे विचारले आहेस. नुसता सल्ला देण्यापेक्षा माझ्या पणजोबांचा माग मी कसा काढला ते सविस्तर लिहितो. त्यातले तुझ्या कामाचे असेल ते तू उचल.

आमच्या घरात पणजोबांविषयी एवढेच सांगितले जाई, की ते पलटणीत होते, बसऱ्याच्या लढाईला गेले आणि तिकडेच राहिले. आजोबांना वडिलांचा चेहराही आठवत नव्हता, त्यामुळे त्यांच्याकडून अधिक काही निघणे शक्य नव्हते. घरात फोटो नाही, पदक नाही, पत्राचा कपटाही नाही. पणजीला सगळे नुसते 'थोरली' म्हणत, म्हणून तिचे खरे नावही कोणाला सांगता येईना. भावकीत मात्र तिच्याविषयी एक गोष्ट अजूनही चवीने सांगितली जाते: बाई भांडखोर होती, नवऱ्यामागे दिराशी तिचे पटले नाही आणि तिच्यापायी घर फुटले.

मी पहिला कागद काढला तो आजोबांच्या शाळेतला. जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारीख, वडिलांचे नाव, जात आणि गाव एका ओळीत मिळते, आणि पुढच्या सगळ्या शोधाला ती ओळ पुरते. रजिस्टरातली जन्मतारीख मास्तरांनी अंदाजाने घातलेली असू शकते, हे मात्र लक्षात ठेव. आमच्या आजोबांची तारीख एक जून आहे, आणि त्या पानावरच्या निम्म्या मुलांचीही तीच आहे.

त्यानंतर गाव नमुना नंबर १४, म्हणजे आपल्याकडे ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते जन्ममृत्यूचे रजिस्टर पाहिले. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात ते सहसा सापडते आणि आपल्या भागातले जुने भाग मोडी लिपीत आहेत. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेल्यावर कुणबी नोंदींच्या शोधासाठी हीच दप्तरे उघडली गेली, मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली आणि अनेक जिल्ह्यांत पाने स्कॅनही झाली. राजकारण काय असायचे ते असो, माझ्यासारख्याचे काम त्यामुळे सोपे झाले. पूर्वी 'रेकॉर्ड जीर्ण आहे' एवढ्या उत्तरावर परत फिरावे लागत असे.

पणजोबांचा मृत्यू त्यात नाही, आणि नसणारच, कारण हे रजिस्टर गावात झालेल्या घटनांचे आहे आणि परमुलखात मेलेला माणूस त्यात येत नाही. जन्माच्या बाजूला मात्र १९११ साली पणजोबांच्या नावापुढे 'पुरुष' अशी नोंद मिळाली. बाळाचे नाव नाही, कारण ते बारशाआधीच लिहिलेले असते. ते आजोबा. मग १९१४ साली, त्याच बापाच्या नावापुढे, 'स्त्री'. आजोबांना बहीण होती हे आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हते.

ती मुलगी पुढे ऑक्टोबर १९१८ च्या मृत्यूंत सापडली. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीचा तो महिना. एरवी आमच्या गावाच्या वर्षभराच्या मृत्यूंना दोन-तीन पाने पुरतात; त्या एका महिन्याने त्याहून अधिक पाने घेतली आहेत. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'ताप', 'ताप', 'ताप' असे लिहीत नेले आहे, पुढे तर नुसत्या आडव्या रेघा ओढल्या आहेत आणि महिन्याच्या मध्यावर अक्षर बदलले आहे. आधी लिहिणारा स्वतः आजारी पडला, मेला की नुसता बदलला, हे कागद सांगत नाही. आमच्या मुलीचे वय चार वर्षे, वार गुरुवार, आणि मृत्यूच्या नोंदीत तिचे नाव एकदाचे लिहिलेले आहे. त्या पानावर मी बराच वेळ अडकून पडलो.

आता पलटणीकडे वळतो. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत पहिल्या महायुद्धात मेलेल्या हिंदी शिपायांची नावे घरबसल्या शोधता येतात. बऱ्याच नोंदींत नंबर, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि 'अमक्याचा मुलगा, राहणार अमुक गाव, तालुका, जिल्हा' इतका तपशील असतो. आडनावावरून शोधू नकोस. शिपायाच्या नावात ते आहे की नाही याचा नेम नसतो. गावावरून शोध, आणि गावाचे इंग्रजी स्पेलिंग कारकुनाने कसे केले असेल त्याचे सगळे पर्याय घालून पाहा. शिवाय त्या वेळचा जिल्हा विसरू नकोस. आजच्या सांगली जिल्ह्यातला आमचा खानापूर तालुका तेव्हा साताऱ्यात होता. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ साली निघाला आणि त्याचे सांगली हे नाव १९६० साली झाले. त्यात बेळगाव जिल्ह्यातही एक खानापूर आहे आणि तिकडूनही मराठा पलटणींत भरती होत असे. पणजोबांच्याच नावाचा एक शिपाई मला त्या खानापूरचा मिळाला. वडिलांचे नाव वेगळे नसते तर आम्ही आज त्याचेच श्राद्ध घातले असते.

आमचे पणजोबा १०३ नंबरच्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि त्यांच्या मृत्यूची तारीख जुलै १९१६ मधली आहे. ही पलटण जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती. तुर्कांनी आजच्या इराकातल्या कुत-अल-अमारा येथे डिसेंबर १९१५ पासून तिला वेढा घातला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार लोक शरण आले. वेढ्यात धान्य संपत आल्यावर घोडे कापले गेले, पण धर्माच्या धाकाने अनेक हिंदी शिपाई शेवटपर्यंत ते मांस खायला तयार नव्हते; शरण जाताना त्यांच्या अंगात किती त्राण उरले असेल याचा विचार कर. पुढे या कैद्यांना भर उन्हाळ्यात वाळवंटातून उत्तरेकडे चालवत नेले आणि पुष्कळ हिंदी कैदी रास-अल-ऐनच्या बाजूला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले गेले. जुलैची तारीख शरणागतीनंतरची आहे, म्हणजे पणजोबा लढाईत पडले नाहीत, कैदेत गेले, असे मी मानतो. ते कुठल्या टप्प्यावर गेले हे त्या नोंदीत नाही.

त्यांची स्मृती बसरा स्मारकावर आहे. ज्यांची थडगी माहीत नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक लोकांचे हे स्मारक १९२९ साली उघडले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, पण साध्या हिंदी शिपायांचे पलटणवार केवळ आकडे घातले. नावे वहीत होती, दगडावर आली नाहीत. हा भेदभाव होता, असे त्या कमिशनने स्वतःच नेमलेल्या समितीने २०२१ सालच्या अहवालात लिहून दिले आहे. वहीत का होईना नावे राहिली, म्हणून मला पणजोबा सापडले.

जमिनीच्या कागदांनी मात्र गोष्टच फिरवली. आजच्या सातबाऱ्यावरच्या गट नंबरापासून मागे निघायचे, एकत्रीकरण योजनेच्या पत्रकातून जुना सर्व्हे नंबर काढायचा आणि मग सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेल्या फेरफार क्रमांकांना, म्हणजे हक्कातल्या बदलांच्या नोंदींच्या क्रमांकांना धरून एकेक नोंद मागे वाचत जायचे. आपल्या भागात हक्कनोंदणी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत बसली, त्यामुळे पणजोबांच्या पिढीचा माणूस त्यात अचूक पकडता येतो.

१९१९ सालच्या फेरफारात सगळी जमीन धाकट्या भावाच्या नावावर आहे आणि नावापुढे 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असे लिहिले आहे. पणजोबांचा उल्लेख नाही, त्यांच्या मुलाचाही नाही. एवढ्यावरून मी कोणावर आरोप केला नसता, कारण एका भावाच्या नावे खाते ठेवणे ही तेव्हाची सर्रास रीत होती.

पण याच सुमारास, शके १८४२ मध्ये, म्हणजे १९२० च्या सिंहस्थात, पणजोबांचे हे धाकटे भाऊ नाशिकला जाऊन आले होते. पंचवटीतल्या आमच्या तीर्थोपाध्यायांनी गाव, तालुका आणि आडनाव विचारून वही काढली आणि त्यांचा लेख समोर ठेवला. त्यात पूर्वजांची नावे नीट ओळीने आहेत, स्वतःचे दोन मुलगे वयासकट आहेत, थोरल्या भावाचे नाव आहे, आणि त्या नावाखाली कोरी जागा आहे. नऊ वर्षांचा पुतण्या घरात असताना त्याचे नाव लेखात नाही. वहीतली वंशावळ ही जो समोर बसतो त्याने सांगितलेली वंशावळ असते; कोण आले होते याबरोबरच कोण आले नव्हते हेही पाहिले पाहिजे. हेळव्याच्या वहीचे तेच. आमच्या गावी हेळवी अजून येतो, ओट्यावर बसून मूळ गाव, कुलदैवत आणि शाखा धडाधड वाचून दाखवतो, धान्य आणि दक्षिणा घेऊन जातो. त्याच्या वहीतही आमची शाखा एका पिढीपुरती तुटलेली आहे आणि पुढे आजोबांपासून पुन्हा जोडलेली आहे. मुली तर दोन्ही वह्यांत नाहीतच.

आणि मग १९२१ चा फेरफार. तो जमेल तसा आजच्या भाषेत सांगतो: अमुक हा लढाईत मयत, त्यास वारस मुलगा अमुक, वय वर्षे दहा, अज्ञान (म्हणजे अल्पवयीन), अज्ञान पालनकर्ती आई, आणि तिचे संपूर्ण नाव, पुढे 'कोम' म्हणून नवऱ्याचे नाव. निम्म्या क्षेत्राला मुलाचे नाव लावले आहे. दिराने हरकत घेतली होती, सर्कलने दोघांचे जबाब घेतले आणि पलटणीकडून आलेला कागद पाहून नोंद मंजूर केली, असा शेरा आहे. दिराची सही मोडीत आहे, थोरलीचा डाव्या हाताचा अंगठा आहे. शाई जरा जास्त झाल्यामुळे अंगठ्याच्या रेषा मिटल्या आहेत, पण ठसा मात्र कागदाच्या मागच्या बाजूपर्यंत उतरला आहे.

म्हणजे नवरा परमुलखात मेलेला, चार वर्षांची मुलगी साथीत गेलेली, अक्षरओळख नाही, आणि अशा स्थितीत ही बाई तो एक सरकारी कागद जपून ठेवते, तालुक्याला जाते आणि दहा वर्षांच्या पोराचे नाव जमिनीला लावून घेते. भावकीच्या गोष्टीत हिचेच नाव घर फोडणारी असे पडले! ज्यांनी ती गोष्ट शंभर वर्षे सांगितली, त्यांच्या पणजोबांची सही त्याच पानावर आहे. मी त्या पानाची नक्कल भावकीतल्या ज्येष्ठांना वाचून दाखवली. कोणी वाद घातला नाही, कोणी काही कबूलही केले नाही. चहा झाला आणि विषय उसाच्या बिलावर गेला. मला त्याचे वाईट वाटले नाही. त्यांनीही ती गोष्ट फक्त ऐकलेलीच होती.

एक धागा राहिला आहे. थोरलीला पेन्शन मिळत असे, असे आत्या सांगत, आणि तसे असेल तर ट्रेझरीच्या जुन्या कागदांत तिच्या अंगठ्याच्या आणखी खुणा असायला हव्यात. ते दप्तर मी अजून शोधतो आहे.

आता तुझ्याविषयी. तुझे आटपाडी औंध संस्थानात होते आणि औंध १९४८ साली विलीन झाले, त्यामुळे त्याआधीचे तुझे कागद सातारा जिल्ह्याच्या दप्तरात शोधू नकोस. संस्थानी दप्तराचे काय झाले आणि ते आज कुणाच्या ताब्यात आहे, हे आधी तहसीलला विचार. कोणी तुला पुण्याच्या पेशवे दफ्तरात जायला सांगेल, पण तुला हवा असलेला काळ त्याच्या फार नंतरचा आहे. शाळेचे रजिस्टर आणि आजच्या सातबाऱ्यावरचे फेरफार क्रमांक एवढे आधी काढून ठेव. तुमचे तीर्थोपाध्याय नाशिकचे की पंढरपूरचे, हे घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला विचार, पुरुषांना विचारू नकोस. मोडीचे कागद निघाले तर फोटो सरळ वरून आणि उजेडात काढून मला पाठव. जेवढे लागेल तेवढे मी लावीन, बाकीच्यासाठी साताऱ्यात एक जाणकार गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे आपण दोघे जाऊ.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुझा मित्र