ओजसच्या ऑपरेशनआधी, बर्फाच्या चुऱ्याबद्दल

पंचवटी, नाशिक
रविवार

चि. सौ. सुमेधास,
अनेक आशीर्वाद.

ओजसच्या टॉन्सिलचं ऑपरेशन गुरुवारी ठरलं हे कळलं. बर्फ घरी पटकन कसा चुरायचा एवढंच तू विचारलं होतंस, आणि फोनवर बोलणं भूल, रक्त, रात्रीची झोप यांच्यातच फिरत राहिलं. शेवटी तू "अप्पा, पुरे आता, आईला द्या" म्हणालीस. म्हणून हे पत्र फक्त बर्फाचं. बाकीचं बघायला डॉक्टर आहेत.

आधी पाणी. चांगलं उकळून, झाकून गार केलेलंच पाणी ट्रेमध्ये ओत. गोठल्यानं जंतू मरत नाहीत, पाणी जसं असेल तसाच बर्फ होतो. बाहेरून लादीचा तुकडा अजिबात आणायचा नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे, पण पांढरा दिसला म्हणून तो ओजसच्या तोंडात घालण्यासारखा होत नाही. कारखान्यातून निघाल्यावर लादी टेम्पोत, फरशीवर, गोणपाटात कशी फिरते हे तू दुकानात लहानपणापासून पाहिलं आहेस.

घाई असेल तेव्हा मिक्सर. स्टीलचं मधलं भांडं घे. प्लास्टिकच्या भांड्याला बर्फाच्या माऱ्यानं तडा जाऊ शकतो. चटणीचं भांडंही नको. कितीही घासलं तरी पात्याखाली आणि झाकणाच्या रबरात तिखट-लसूण राहतो, आणि त्याच्या घशात ओली जखम असणार. आठ खडे घाल. भांडं निम्म्याच्या वर भरायचं नाही. मग फ्रीजमधलं गार पाणी खडे जेमतेम तरंगतील इतकं ओत. लोक नेमकं हे पाणीच घालत नाहीत. कोरडा बर्फ घातला की खालच्या खड्यांचं पीठ होऊन ते पात्याभोवती घट्ट बसतं, वरचे खडे तसेच अडकून राहतात, आणि माणूस वेग वाढवतो. पाण्यात खडे फिरत राहतात, सगळे पात्यापर्यंत येतात आणि चुरा एकसारखा होतो. पाणी मात्र गारच हवं, नळाचं घातलंस तर निम्मा बर्फ त्यातच विरघळेल.

झाकणावर हात दाबून धर. नॉब डावीकडे फिरवून धरला की मिक्सर चालतो, सोडला की थांबतो, तेच वापर. एक सेकंद चालव, थांब, पुन्हा एक सेकंद. पाच-सहा वेळा पुरे. आधी खडखड येते, मग आवाज बसतो. आवाज बसला की थांबायचं, पुढे नुसतं पाणी होतं. लगेच गाळणीत ओत, दोनदा झटक. आठ खड्यांत दीड-दोन वाट्या चुरा निघतो. मोटर नुसती गुणगुणली आणि पातं फिरलं नाही तर ताबडतोब बंद कर, प्लग काढ आणि मगच भांड्यात हात घाल. तसंच रेटलं तर भांडं मोटरला जोडणाऱ्या खालच्या चकतीचे, कपलरचे, दाते झिजतात. मिक्सर एकदम बंद पडला तर थोडा वेळ थंड होऊ दे, मग बुडाशी असलेलं लाल बटण दाब.

भांडं वापरण्याआधी उजेडात पात्याच्या कडा बघ. एखादी कड तुटकी दिसली किंवा पातं हलत असलं, तर ते भांडं बाजूला ठेव. त्याच्या घशातल्या जखमेला काहीही टोचायला नको. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास घशातली खपली सुटते आणि रक्त येण्याचा धोका तेव्हा असतो. पहिला दिवस नीट गेला की सगळे निवांत होतात, म्हणून सांगतो. तू निवांत होऊ नकोस.

बर्फाकडे येतो.

लाईट नसली तर पिशवी. मांजरपाटाची दुहेरी पिशवी शिवून पाठवतो आहे. तिच्यात खडे घालून तोंड पिळून धर, खाली घडी केलेला टॉवेल ठेव आणि जमिनीवरच ठोक, ओट्याच्या ग्रॅनाइटवर नको. जाड लाटण्यानं आडवे, आखूड ठोके दे. जाड सुती कापड सुटलेलं पाणी शोषतं, त्यामुळे चुरा मोकळा राहतो. प्लास्टिकची पिशवी टोकदार तुकड्यांनी फाटते, तिचे बारीक कपटे चुऱ्यात मिसळतात आणि पांढऱ्या बर्फात ते दिसत नाहीत. किसणीवर बर्फ किसायच्या भानगडीत पडूच नकोस. खडा निसटतो आणि बोटं सोलवटतात.

पण ओजस झोपलेला असताना ना मिक्सर चालेल ना ठोकणं. त्यासाठी वेगळी सोय आधीच करून ठेव. भांडी बाजारातून दोन उथळ स्टीलची ताटं घेतली आहेत, तीही पार्सलमध्ये आहेत. त्यांत अर्ध्या सेंटिमीटरहून कमी पाणी ओतून फ्रीजरमध्ये सपाट ठेव. पातळ असल्यामुळे ट्रेपेक्षा खूप लवकर गोठतं. ताटाच्या बुडाला बाहेरून क्षणभर ओला हात फिरवला की पापडी सुटते, ती स्वच्छ फडक्यात धरून हातानंच मोडते. आवाज नाही, मेहनत नाही. घरातला सगळ्यात झटपट बर्फ हाच, फक्त तयारी आदल्या दिवशीची.

दुसऱ्या ताटात साखरपाणी लाव. पेलाभर पाण्याला दोन चमचे साखर, जरासा वेलदोडा. साखरेमुळे ते दगडासारखं घट्ट होत नाही. अर्ध्या-पाऊण तासानं काट्यानं कडेपासून मधे खरवड, पुन्हा ठेव, असं तीन-चार वेळा. भुसभुशीत होतं, टोकं राहत नाहीत. चारही गोष्टींत मला त्याच्यासाठी हेच सगळ्यात पसंत आहे. लिंबू, कोकम, संत्रं घालू नकोस, आंबटानं झोंबतं. लाल सरबत तर नकोच, थुंकीत किंवा उलटीत लाल दिसलं तर सरबत की रक्त हे ओळखता येणार नाही. आई द्राक्षं पाठवूया म्हणत होती. मी थांबवलं. सालही टोचेल आणि आंबटही आहेत. बरा झाल्यावर पाठवू.

चुरा साठवायचा मोह होईल. डब्यात दाबून भरलास तर सुटलेलं पाणी पुन्हा गोठून एकच ढेकूळ होतं. आधी नीट निथळू दे, मग गार ताटात पसर, आणि लागेल तेवढाच कर. द्यायच्या आधी वाटी दोन-तीन मिनिटं बाहेर ठेव. फ्रीजर उणे अठरा अंशांच्या आसपास असतो, तिथला कोरडा बर्फ जिभेला आणि ओठाला चिकटतो. चुरा ओलसर, चमकदार दिसायला लागला की द्यायचा. तुकडा साबुदाण्याहून मोठा नको. एका वेळी चमचाभर, त्याला बसवून, आणि सारखं सारखं. दुखतं म्हणून मुलं गिळायचं टाळतात, पाणी पोटात गेलं नाही की घसा सुकतो आणि जास्तच दुखतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं वाढलं, कानात दुखतं म्हणाला किंवा घशात पांढरट थर दिसला तर घाबरू नकोस, तसं होतंच.

घाबरायचं ते एकाच गोष्टीला. झोपेत तो सारखा गिळतो आहे असं वाटलं तर उठव आणि बॅटरीनं घसा बघ. रक्त पोटात उतरत असतं, बाहेर काहीच दिसत नाही. लाल दिसलं तर बर्फ देऊन वाट बघत बसायचं नाही, थेट दवाखाना. नंदूच्या वेळचं तुला माहीत आहे, ते मी इथे लिहीत नाही.

पुन्हा तिथेच आलो. राग मानू नकोस. बारावीच्या सुट्टीत गल्ल्यावर बसून तू गिऱ्हाइकाच्या आधी बर्फाचा हिशेब सांगायचीस. उद्या किती लादी लागेल हे ढग बघून सांगायचीस आणि संध्याकाळी तेवढीच संपलेली असायची. आई गल्ला तुझ्याकडे देऊन निर्धास्त झोपायची. तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे फार उरलेलं नाही हे मला कळतं. ओजस तुझ्या हातात आहे, हे मी स्वतःलाच सांगतो आहे. जावईबापूंना मात्र रात्रीच्या पाळ्या वाटून घ्यायला सांग, सगळं एकटीनं अंगावर घेऊ नकोस. आईला बुधवारच्या गाडीत बसवतो. मीही येईन, तू म्हणशील तेव्हा.

पिशवीचं कापड कोरं आहे, त्याला खळ असते. दोनदा उकळत्या पाण्यातून काढ, साबण लावू नकोस, आणि कडक उन्हात वाळव. ताटं बुधवारी रात्रीच फ्रीजरमध्ये लाव, म्हणजे घरी आल्यावर शोधाशोध नको.

तुझे,
अप्पा

ता. क. दवाखान्याचा रात्रीचा नंबर आणि रिक्षावाल्याचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजच्या दारावर लाव. मोबाइलमध्ये आहे म्हणू नकोस, आईला तुझा मोबाइल उघडता येत नाही.