डबीत कापूस घाला

ती. आई-बाबांना, शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईच्या तोंडून निसटलं. बाबा, वारीला जाताना तुम्ही एचआयव्हीच्या गोळ्यांची डबी घरीच ठेवली. पाच दिवस! का, तर पिशवीत खुळखुळते, दिंडीतल्या कुणी विचारलं तर काय सांगायचं. वर तुमचं म्हणणं, "रिपोर्टात विषाणू सापडतच नाही, मग राहिल्या चार गोळ्या तर काय बिघडलं?"

राग आला नाही असं लिहिलं तर खोटं होईल.

'सापडत नाही' म्हणजे गेला असं नव्हे. रक्तात मोजण्याइतका उरला नाही, एवढंच. काही पेशींत तो दबा धरून बसलेला असतो, गोळ्या थांबल्या की पुन्हा वाढायला लागतो. रक्तात औषध थोडंच उरलेलं असताना वाढला, तर त्या औषधाला न जुमानणाराही निपजतो. हे तुम्हाला मी काय सांगू? शेजारच्या द्राक्षबागेत निम्म्या प्रमाणात फवारा मारायचे, तेव्हा तुम्हीच म्हणायचात, "भुरी मरत नाही, औषधाला सरावते." पाच दिवसांत आभाळ कोसळलं असं नाही. पण गोळ्या मिळतात त्या सेंटरला पुढच्या खेपेला हे लपवू नका. रागावले तर रागावू देत.

2007 साली मी नववीत होतो. टीबीनं तुम्ही 38 किलोवर आला होतात, आई तुम्हाला हाताला धरून एसटीत चढवायची. सरकारनं 2004 पासून एचआयव्हीच्या या गोळ्या फुकट द्यायला सुरुवात केली होती, म्हणून निभावलं. तेव्हा दिवसातून दोनदा घ्याव्या लागायच्या. आता तीन औषधं एकाच गोळीत, दिवसातून एकदा.

आईची तपासणी आजवर निगेटिव्ह येते, त्यातही या गोळ्यांचा मोठा वाटा आहे. मुलगा आहे, यापेक्षा जास्त लिहीत नाही.

आणखी एक. जेवण झालं की ते गुलाबी ॲसिडिटीचं औषध तुम्ही तोंडाला लावता. त्यानं ही गोळी अंगात नीट शोषली जात नाही. गोळी घेतल्यावर निदान दोन तास जाऊ द्या, मग ते घ्या. आधी ते घेतलं असेल, तर गोळीला सहा तास थांबा. एखादा दिवस चुकलाच, तर दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नका.

दिंडीत विचारलं तर बीपीची गोळी सांगा. तुमच्या संमतीवाचून हा आजार कुणाला उघड करायचा नाही, असा 2017 चा कायदाच आहे.

रोज रात्री नऊला मी फोन करीन. चिडू नका, "घेतली" एवढं म्हणून ठेवून द्या.

आई, खुळखुळण्यावर उपाय तुझ्याकडेच आहे. देवघरातल्या वातींचा कापूस जरा जास्त घे आणि डबीत वरून दाबून बसव. आतली ती बारकी पांढरी पुडी मात्र काढू नकोस, ती ओल धरते.

तुमचा,
थोरला