मक्याचे खत आणि पाणी एकाच चौकटीत छापा

संपादक महोदय,

शेतीच्या पानांवर मक्याच्या खतांचे वेळापत्रक एकीकडे आणि पाण्याच्या पाळ्या दुसरीकडे छापल्या जातात. शेतात मात्र एकाचा हिशेब चुकला की दुसरे वाया जाते. कोरड्या मातीत युरिया मुळांपर्यंत पोचत नाही, ओलसर जमिनीवर उघडा फोकला तर अमोनिया होऊन उडतो आणि वरून भरमसाट पाणी सोडले तर त्यातले नत्र (नायट्रोजन) मुळांच्या खाली निघून जाते.

उदाहरणादाखल एकरी ४८ किलो नत्र, २४ किलो स्फुरद (फॉस्फरस), १६ किलो पालाश (पोटॅश) धरू. माती परीक्षणानुसार आकडे बदलतील. पेरणीसोबत ५२ किलो डीएपी (नत्र आणि स्फुरद देणारे खत), २७ किलो म्युरेट ऑफ पोटॅश (पालाश देणारे खत) आणि १४ किलो युरिया. डीएपीतून नऊ किलोंवर नत्र मिळते. ते हिशेबात न धरल्यानेच अनेकदा युरिया जास्त पडतो. पुढे ३५-३५ किलो युरियाचे दोन हप्ते: पीक गुडघाभर झाल्यावर आणि तुरा (शेंड्यावरचा नरफुलोरा) बाहेर पडण्याआधी. वाफसा (माती ओलसर, पण चिखल नाही अशी स्थिती) पाहून ओळीपासून चार बोटे लांब, मातीआड टाकावा आणि लगेच हलके पाणी द्यावे. पाळी आठ दिवस लांबणार असेल तर हप्ताही थांबवावा. ठिबकवर आधी रान ओलवावे, मग खत सोडावे, शेवटी फक्त नळ्या धुण्यापुरते साधे पाणी.

तुरा आणि कणसाचे केस येण्याच्या दिवसांत ताण पडला तर केस उशिरा निघतात, तोवर पराग झडून गेलेला असतो. मग कणसात दाणे विरळ भरतात. ही तूट नंतर कितीही युरिया टाकून भरत नाही. म्हणून पाणी मोजकेच असेल तर ते या दिवसांसाठी राखावे. दाणे दुधात असतानाची पाळी त्यानंतरची महत्त्वाची.

उलट पहिल्या तीन-चार आठवड्यांत साचलेले पाणी घातक. तेव्हा रोपाचा वाढीचा कोंब जमिनीखालीच असतो, मुळे गुदमरतात आणि नत्र वायुरूपाने निघून जाते. पिवळेपणा दिसताच पुन्हा युरिया टाकण्याआधी चर काढून पाणी बाहेर काढावे. खालच्या पानांवर टोकाकडून मधल्या शिरेने पिवळेपणा सरकत असेल तर नत्र कमी आहे; कडा करपत असतील तर पालाश. कोवळ्या पानांवर शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढुरके पट्टे दिसले तर जस्त तपासावे, युरिया नव्हे.

पुढच्या हंगामात प्रत्येक हप्त्यासमोर त्याची पाण्याची पाळीही छापावी, ही विनंती.

आपले,
मका उत्पादक शेतकरी