देवराईला उसाच्या पाचटाचा हिशेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतील, जंगलातला पालापाचोळा युरिया टाकून लवकर कुजवावा म्हणजे वणव्याची भीती उरणार नाही, असा सल्ला देणारा लेख वाचला. लेखकांची तळमळ खरी असेल. तथापि उसाच्या पाचटाला टनामागे ८ किलो युरिया ही शेतकऱ्यांना तोंडपाठ असलेली शिफारस त्यांनी जशीच्या तशी सह्याद्रीच्या जंगलात नेऊन ठेवली आणि आपल्या कार्यालयात कोणालाही शंका आली नाही, याचे आश्चर्य वाटते.

आमच्या गावच्या देवराईत हा पराक्रम होऊन गेला आहे. एका निवृत्त अधिकाऱ्यांच्या शब्दाखातर, आणि बैठकीत मी घेतलेली हरकत इतिवृत्तात न नोंदवता, मृगाच्या सरी पडताच दहा गुंठ्यांना एक पोते या हिशेबाने युरिया फोकण्यात आला. ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के नत्र धरले, तर हे हेक्टरी सुमारे २०० किलो नत्र होते. अमेरिकेतील हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९८८ साली सुरू झालेल्या, जंगलाला नत्र देऊन पाहण्याच्या प्रयोगातली सर्वांत मोठी मात्रा हेक्टरी १५० किलो होती आणि तीही वर्षातून सहा हप्त्यांत दिली जाई. आमच्याकडे एका सकाळीच अमेरिकेला मागे टाकले गेले! उंबर-पांगाऱ्याची मऊ पाने भराभर कुजली, हे मान्य. परंतु दिवाळीनंतर थर उचलून पाहिला, तेव्हा फणसाची आणि अंजनीची जाड पाने जवळजवळ अखंड होती, आणि युरिया न पडलेल्या बाजूला पानापानाला जोडणारे बुरशीचे जे पांढरे धागे दिसत होते, ते या बाजूला शोधूनही सापडले नाहीत. त्यावर "मात्रा कमी पडली" असा खुलासा मिळाला.

वास्तविक कारण उलट आहे. पानातील साखर आणि सेल्युलोज पचवणाऱ्या सूक्ष्मजीवांना सुरुवातीला नत्राने जोर येतो; मात्र मागे उरणारे लिग्निन, म्हणजे पानाला ताठपणा देणारा चिवट घटक, फोडण्याचे काम मुख्यतः काही विशिष्ट बुरशींचे असते. त्यांतील अनेक बुरशी नत्राची चणचण असतानाच त्यासाठीची विकरे (एन्झाइम) मुबलक स्रवतात आणि आयते नत्र मिळाले की हात आखडता घेतात. शिवाय जादा नत्र लिग्निनच्या अवशेषांशी जोडले जाऊन अधिकच चिवट संयुगे बनतात. २००५ साली 'इकॉलॉजी' या नियतकालिकात अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यातही कमी लिग्निनच्या पाचोळ्याचे कुजणे नत्राने वाढलेले आणि जास्त लिग्निनच्या पाचोळ्याचे मंदावलेले दिसले. म्हणजे वणव्याला जे सरपण हवे असते, नेमके तेच युरियाने शिल्लक राहण्याची शक्यता अधिक. हार्वर्डच्या त्या प्रयोगात मोठी मात्रा दिलेल्या पाइनच्या वाफ्यात पुढे झाडेच मोठ्या संख्येने मेली, हेही लेखकांनी एकदा वाचावे.

जाता जाता एक विनंती. माझ्या मागील पत्रात आपण 'हेक्टर'चे 'एकर' करून टाकले होते आणि खुलासा आजतागायत छापलेला नाही. या पत्रातील शब्द हवे तेवढे कापावेत, आकडे आणि एकके मात्र आहेत तशीच ठेवावीत. मृगाला आता फार दिवस उरलेले नाहीत, त्यामुळे लेखाची दुरुस्ती त्याच पुरवणीत, तेवढ्याच ठळकपणे आणि पोती गावोगावी पोहोचण्याआधी यावी.

आपला,
एक नियमित वाचक, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी