कोतवाल बुक चाळणाऱ्यांनी जर्मन माग काढावा

मा. संपादक,

जर्मनीहून अमेरिकेला निघून इंग्लंडातच अडकलेल्या कुटुंबांचा माग लागतो, फक्त योग्य यादी उघडायला हवी. पुष्कळांची वाट हॅम्बुर्गहून जहाजाने इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं हल बंदर, तिथून रेल्वेने लिव्हरपूल अशी होती. हॅम्बुर्गच्या प्रवासी याद्या १८५० ते १९३४ च्या आहेत. पण मधल्या बंदरामार्गे जाणाऱ्यांची यादी १९१० पर्यंत वेगळी असे. थेट यादीत नाव नाही म्हणून लोक तिथेच हात टेकतात. ब्रेमेन या दुसऱ्या जर्मन बंदराच्या जुन्या याद्या मात्र बहुतेक नष्टच झाल्या.

अडकल्याची पक्की खूण अमेरिकेच्या जनगणनेत मिळते : आईबाप, थोरली मुलं जर्मनीची आणि मधल्या एकाचाच जन्म इंग्लंडचा. त्याचा जन्मदाखला मागवावा. इंग्लंडात १ जुलै १८३७ पासून नोंदणी आहे. त्यात बापाचा धंदा, आईचं माहेरचं आडनाव सापडतं. तिथल्या जनगणनेवर विसंबू नये : ती दर १० वर्षांनी, शिवाय जन्मगावाऐवजी अनेकदा नुसतं ‘प्रशिया’ (तेव्हाचं मोठं जर्मन राज्य) लिहिलेलं.

श्मिटचा स्मिथ, म्युलरचा मिलर होतो. जात पडताळणीसाठी कोतवाल बुक (गावच्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही) चाळलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथेही ऐकलं तसंच लिहिलंय. आडनावापेक्षा बापाचं नाव, वय आणि मुलांचा क्रम जुळवा.

— वंशावळ अभ्यासक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती